मंगळवार-शुक्रवारच्या बायका

किस्से काही कोणी जमवायला बसत नाही. ज्या घरात केळीच्या धाग्याचं काम चालतं, तिथे कितीही झाडू मारा, कपाटाखाली, पायपुसण्यात, एकदा तर मिसळणाच्या डब्यातसुद्धा धागा सापडतो. किस्स्यांचं तसंच आहे. आपण चहा गाळत असतो आणि एखादा आठवतो. मग एकटीनेच हसायचं. एकटीने हसण्यात मजा नसते, शिवाय शेजारचे खिडकी लावून घेतात. म्हणून म्हटलं, आज तुम्ही सापडलाच आहात तर तुम्हाला सांगून टाकावेत.

मी सुनंदा. शाळेत कार्यानुभव शिकवायचे. म्हणजे गणिताच्या बाई वर्गाच्या दारात येऊन "आजचा तास मला देता का हो?" म्हणतात ना, तो विषय. लग्न केलं नाही. शनिवार पेठेत पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे, त्याला एक मोठा हॉल आहे. आई-वडील होते तोवर तो हॉल मोठा वाटायचा नाही. रिटायर झाल्यावर लक्षात आलं की दिवसभरात मी फक्त दूधवाल्याशी बोलते. पुढे तोही पिशवी कडीला अडकवून जायला लागला, तेव्हा तेही बंद झालं.

मग एका संस्थेने विचारलं, हडपसरपुढच्या मांजरी गावच्या बायकांना केळीच्या धाग्याच्या वस्तू शिकवाल का? केळीचा घड उतरवला की ते झाड कापून बांधावर टाकून देतात. त्याची सोपटं, म्हणजे खोडाचे थर, मशीनमधून काढले की लांबच लांब सोनेरी धागा निघतो. त्याच्या पिशव्या, टोपल्या, चटया होतात. वर्ग तिकडे देवळाच्या सभामंडपात भरायचा. पण तिथे कधी सप्ताह, कधी साखरपुडा, कधी कोणाची प्रचारसभा. शेवटी मीच म्हटलं, माझा हॉल रिकामाच आहे, या. माल तरी पुण्यातच विकायचा असतो. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी आठ-दहा बायका दोन बस बदलून माझ्या घरी यायला लागल्या.

त्यातल्या तिघींची ओळख करून देते. कमलताई ही म्होरकी, फार बोलत नाही, पण बोलली की विषय संपतो. वैशाली तिची सून, मोबाइल आणि इंग्रजी हे खातं तिच्याकडे. आणि शमीमआपा आमच्याच बाजूच्या, दोन पेठा सोडून राहतात, पिशव्यांना अस्तर आणि चेन लावतात. बाकीच्यांची नावं सांगत नाही. तुमचा गोंधळ होईल आणि त्या रुसतील.

आता मुद्द्याची गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढे माझा आवाज मध्येच का बदलतो ते कळेल. या बायकांना मांजरीला स्वतःची शेड हवी होती. त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कमलताईचे गुडघे तिला बसची पायरी चढू देत नव्हते, वैशालीचं मूल लहान. मागणी शंभर टक्के रास्त. ग्रामपंचायतीत सगळ्यात जास्त खेटे मीच घातले. आणि शेड मंजूर झाल्याचा फोन आला तेव्हा सगळ्यात जास्त धास्तावले तीही मीच. शेड झाली की माझ्या घरी यायचं कोणाला काही कारणच उरणार नव्हतं.

*

सुरुवातीचे दिवस. धागा धुऊन आम्ही तो बाल्कनीतल्या दोऱ्यांवर वाळत घालायचो. लांब, सोनेरी, चमकदार. वारा आला की हलायचा.

आठवड्याभरात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. सभ्य गृहस्थ, बँकेतून रिटायर झालेले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, घरात कोणाची ट्रीटमेंट वगैरे चालू आहे का? मी म्हटलं, नाही हो, मी ठणठणीत आहे. मग त्यांनी बाल्कनीकडे बोट केलं आणि विचारलं, मग हे केस कोणाचे?

मी त्यांना सगळं समजावलं. धागा हातात दिला. त्यांनी तो नाकाला लावला, नको म्हणायच्या आत ओढूनही पाहिला. समाधान झालं. दुसऱ्या दिवशी खाली फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात सूचना:

"पहिल्या मजल्यावर वाळत असलेले केस हे केस नसून केळ आहे. सभासदांनी चौकशी करून वेळ घालवू नये."

सगळी बिल्डिंग हसली. मी सोडून. त्याआधीच्या आठवड्यात वरच्या जोशीवहिनी, तळमजल्यावरचे डॉक्टर, समोरच्या विंगमधली नवी सून, सगळे कधी ना कधी बेल वाजवून "हे काय हो?" विचारायला आले होते. दोघं तर चहा पिऊन गेले होते. सूचना लागली आणि बेल वाजायची थांबली. मला त्या सेक्रेटरींचा इतका राग आला की मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं.

*

पहिलं प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. आमच्या टेबलावर ताटाखाली ठेवायच्या लहान चटया मांडलेल्या. वैशालीने माहिती अगदी पाठ केली होती. केळीच्या सोपटापासून, नॅचरल फायबर, पूर्णपणे इको-फ्रेंडली, धुता येतं.

एक बाई आल्या. सिल्कची साडी, हातात यादी. त्यांनी चटई उचलली, उलटी केली, वास घेतला. वैशालीने सगळी माहिती दिली. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "केळीचं म्हणताय. म्हणजे उपासाला चालेल?"

असला प्रश्न वैशालीच्या पाठांतरात नव्हता. तिने सासूकडे पाहिलं. कमलताई मागे स्टुलावर बसून वेणी घालत होती, म्हणजे धाग्याच्या तीन पदरांची. तिने मान वरसुद्धा केली नाही.

"चालंल की. पण बारीक चावून खावा."

बाई हसल्या नाहीत. अर्धा डझन घेऊन गेल्या. पुढच्या वर्षी परत आल्या आणि सांगून गेल्या की त्या चटया त्यांनी फक्त एकादशीसाठी वेगळ्या ठेवल्यात.

त्या दिवशी दुपारी आम्ही टेबलामागे जेवायला बसलो. त्यांच्यात कोणाचा डबा कोणाचा नसतो. सगळे डबे मध्ये, हात कुठेही. मी आपला माझा डबा मांडीवर घेऊन बसले होते. कमलताईने सरळ माझ्या डब्यातली अर्धी पोळी तोडून घेतली, भाजीत बुडवली आणि म्हणाली, मीठ कमी हाय. माझ्या डब्यातलं कोणी न विचारता घेतलं त्याला इतकी वर्षं झाली होती की मी डबा मांडीवरून उचलून मध्ये ठेवून दिला.

*

शमीमआपांचं घराणं पुण्यात पेशव्यांच्याही आधीपासून आहे असं त्या सांगतात. आम्ही पुरावा मागत नाही. त्यांच्या आजोबांचं सुतळी आणि दोरखंडाचं दुकान होतं, त्यामुळे दोरा कसलाही असो, त्या आधी अंगठ्याने घासून बघतात आणि मग माणसाकडे बघतात.

एकदा घरीच विक्री ठेवली होती. एक गृहस्थ आले, बहुतेक नव्या सोसायट्यांतले. आपांनी त्यांना पिशव्या दाखवल्या, अस्तर दाखवलं, पावसात भिजली तर सावलीत वाळवा वगैरे सांगितलं. गृहस्थांनी बिलावर आपांचं नाव वाचलं आणि कौतुकाने म्हणाले, वा, तुम्ही मराठी अगदी छान बोलता हो!

आपांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आपणही बरं बोलता. पुण्यात येऊन किती वर्षं झाली?"

गृहस्थांनी दोन पिशव्या जास्त घेतल्या. मला वाटतं घाबरून.

शेडचं पक्कं झालं तेव्हा मला आधार वाटत होता तो आपांचा. त्यांचं घर इथेच, त्यांना मांजरीला जायचं कारण काय? एका संध्याकाळी मी म्हटलं, आपा, त्या गेल्या की मग आपण दोघीच.

"मला धरू नका," आपा म्हणाल्या. "तिकडे इलेक्ट्रिकचं मशीन येतंय. माझं मशीनही टेम्पोत चाललंय. मी मागे राहून काय तुमच्या हॉलच्या फरशा पुसू?"

मला फार लागलं. ते त्यांना दिसलंही. पण बोललेला शब्द मागे घेणं आमच्या पेठांमध्ये बसत नाही. त्यांनी पर्स उचलली आणि त्या गेल्या.

*

सुरुवातीला मोठ्या चटया कमलताई गावाकडेच विणायची आणि गुंडाळी करून बसने आणायची. चटई माणसाएवढी उंच. धूळ बसू नये म्हणून तिला आपलं जुनं लुगडं गुंडाळायचं, वरून पदरासारखं घ्यायचं.

एकदा हडपसरला बस मुंगीलाही जागा नाही अशी भरलेली. कमलताईने चटई उभी धरलेली. समोर एक कॉलेजचा मुलगा, कानात इअरफोनची बोंडं, डोळे मोबाइलमध्ये. त्याला तिरक्या नजरेने लुगडं दिसलं असावं. चांगल्या घरचा मुलगा, लगेच उठला आणि चटईला म्हणाला, आजी, बसा तुम्ही.

कमलताईने चटईला सीटवर बसवलं. स्वतः शेजारी उभी राहिली, चटईच्या खांद्यावर हात ठेवून. मुलगा परत मोबाइलमध्ये गेला. मागून कंडक्टर तिकिटं फाडत आला. कमलताईचं तिकीट दिलं आणि सीटकडे न बघताच म्हणाला, आजींचं?

"त्यास्नी पास हाय," कमलताई म्हणाली.

कंडक्टर पुढे गेला. मनपाच्या स्टॉपपर्यंत चटई बसून आली, कमलताई उभी. माझ्या घरी आल्यावर हे तिने सांगितलं तेव्हा वैशाली हसता हसता धाग्यांच्या ढिगात आडवी झाली.

त्या चटईचं नाव "आजी"च पडलं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती माझ्या हॉलच्या कोपऱ्यात उभी होती, लुगड्यासकट. बायका मंगळवारी यायच्या, शुक्रवारी यायच्या. मधल्या दिवशी मी आणि आजी. एका गुरुवारी दुपारी मी चहा करत होते, आणि स्वयंपाकघरातून हाक मारून तिला विचारलं, घेणार का अर्धा कप? विचारल्यावर मीच दचकले. हे मी त्या बायकांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

*

मग सक्षमीकरणाचं वर्कशॉप झालं. संस्थेने एक मुलगी पाठवली होती. गोड होती, बरोबर प्रोजेक्टर होता, तो काही चालू झाला नाही. आम्ही गोल बसून काम करत होतो. तिने आम्हाला उठवलं, एक खेळ घेतला आणि पुन्हा गोल बसवलं.

मग तिने प्रत्येकीला विचारायला सुरुवात केली, तुम्हाला आयुष्यात सगळ्यात जास्त एम्पॉवर्ड कधी वाटलं? वैशालीने अर्थ सांगितला. बायका हुशार. कोणाला काय ऐकायचंय हे त्यांना बरोबर कळतं. एकीने सांगितलं बँकेत सही केली तेव्हा. दुसरीने सांगितलं मुलीची फी भरली तेव्हा. मुलगी मान डोलवत होती, मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. कमलताईची पाळी आली. ती धाग्यावर पाण्याचा हात फिरवत होती, कारण धागा कोरडा पडला की तुटतो. हात न थांबवता म्हणाली:

"आमच्या मालकास्नी चहा करता येतो ह्ये कळलं, तवा. एवढी वर्सं कदी सांगितलंच न्हवतं त्यांनी."

ती म्हणे इथे यायला लागल्यापासून मंगळवारी-शुक्रवारी सकाळी घाई असायची. एक दिवस चहा न टाकताच ती बसला पळाली. संध्याकाळी घरी गेली तर पातेलं धुऊन पालथं घातलेलं. वर मालकांनी विचारलं, तुला टाकू का?

मुलीने मलाही विचारलं. मी आत्मविश्वास, स्वावलंबन, समाजाचं ऋण असं काहीतरी सांगितलं. शाळेत पंधरा ऑगस्टला बोलायची सवय. खरं सांगायचं तर मंगळवारी सकाळी जिन्यात चपलांचा आवाज यायला लागला की मला तसं वाटतं, बाकी कधी नाही. पण हे सगळ्यांसमोर कसं बोलणार? आणि तेव्हा शेडचा पाया खणून झाला होता.

*

मालकांवरून आठवलं. हा किस्सा मी अजून कोणाला सरळ चेहऱ्याने सांगू शकलेले नाही.

वैशालीने इन्स्टावर फोटो टाकून एका आयटी कंपनीची दिवाळीची ऑर्डर मिळवली. त्यांना टोपल्या हव्या होत्या, आणि प्रत्येक टोपलीत एक कार्ड, त्यावर बनवणारीचा फोटो आणि तिची "जर्नी". कंपनीतली मुलगी फोनवरून एकेकीची माहिती घेत होती. कमलताईने आपली जर्नी सांगितली. केळी व्हत्या, धागा काढला, टोपली विणली. मुलगी म्हणाली, छान आहे, पण थोडा स्ट्रगल हवा होता.

कमलताईने फोनवर हात ठेवून सुनेला विचारलं, ह्ये काय असतं? वैशाली म्हणाली, दुःख. कमलताईने गुडघेदुखी सांगितली, तर मुलीला ती पुरेशी वाटली नाही. मग तिने सरळ मालकांना मारून टाकलं.

कार्डं छापून आली. "पतीच्या अकाली निधनानंतरही कमलताईंनी हार मानली नाही." खाली कमलताईचा फोटो, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ते कंपनीत कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्याच शुक्रवारी मालक धाग्याची पोती घेऊन टेम्पोबरोबर माझ्या घरी आले. चहा दिला. शेजारी कार्डांचा गठ्ठा होता, त्यातलं वरचंच त्यांनी उचललं. बायकोचा फोटो बघून खूश झाले. मग एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायला लागले. बायकांचे हात थांबले. वैशाली उठून स्वयंपाकघरात पळाली.

मालकांनी शेवटपर्यंत वाचलं. कार्ड पुन्हा गठ्ठ्यावर ठेवलं, बशीतला चहा संपवला. "कशानं गेलो, त्ये लिहायचं ऱ्हायलं की," ते म्हणाले.

"जागा न्हवती कार्डावर," कमलताई म्हणाली.

मालक उठले, टोपी घातली आणि पोती आणायला खाली गेले. दोघांच्या संसारात या विषयावर यापेक्षा जास्त बोलणं झालेलं नाही.

त्या कंपनीच्या मुलीने माझीही माहिती विचारली होती. "मॅम, घरी कोण कोण असतं?"

"मी."

"आणि?"

मी म्हटलं, एवढंच. ती म्हणाली, ओके, आपण तुम्हाला मेंटर सेक्शनमध्ये टाकू. फोन ठेवला आणि मला हसू आलं. कमलताईला मारायला निदान नवरा तरी होता. मग हसू गेलं. बाहेर कोणीतरी कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या मोजत बसले.

*

शेड तयार झाली. पत्रे चढले, लाइट आली, रंग लागला. शुक्रवारी सामान हलवायचं ठरलं.

या बायकांची कामाची एक रीत आहे. चटईच्या उभ्या दोऱ्या एकदा ताणून बांधल्या आणि चार ओळी विणल्या, की ती चटई जिथे सुरू केली तिथेच संपवायची. मध्ये सोडून दुसरीकडे बांधली तर ताण बदलतो आणि चटई तिरकी होते. म्हणून चालू काम हलवत नाहीत. त्यामुळे शेवटचा महिनाभर माझ्याकडे नवीन काही सुरूच केलं नव्हतं. होतं ते संपवत आणत होत्या. एकेक टोपली पुरी व्हायची, पिशवी पुरी व्हायची आणि हॉलमधली थोडी जागा मोकळी व्हायची. मी ते बघत होते. कोणाला काही म्हणत नव्हते. स्वतःच धावपळ करून मिळवून दिलेल्या शेडबद्दल कुरकुर कोणत्या तोंडाने करणार?

त्या दिवशी मी शिरा केला. करता करता डोळ्यांना धार लागली. वैशाली पाणी प्यायला आत आली, तिला म्हटलं, कांदा चिरत होते. शिऱ्यात कांदा कुठून आला, हे तिने विचारलं नाही. उलट बाहेर जाऊन तिने बाकीच्यांना सांगितलं, बाईंना अजून वेळ लागंल, कोणी आत जाऊ नका. मी खरंच बराच वेळ आत होते.

मग हॉलच्या दारातूनच मी सगळ्यांच्या हातात बश्या दिल्या. वैशाली दार अडवून उभी होती. शिरा खाऊन सगळ्या खाली उतरल्या, मलाही हाताला धरून खाली नेलं. टेम्पोत पोती, आपांचं मशीन, त्यावर स्वतः आपा. कमलताई पुढे ड्रायव्हरशेजारी. माझ्या पाया पडायला कोणी वाकलं नाही, कोणी रडलं नाही. टेम्पो सुटला. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी हात हलवत उभी राहिले. मला मनातून त्यांचा रागही आला, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं आल्या, आणि निघताना एकीचाही पाय अडखळला नाही.

वर आले. हॉलमध्ये पाय ठेवणार, तो थांबले.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या ताणलेल्या होत्या. एक टोक खिडकीच्या गजांना, दुसरं समोरच्या भिंतीतल्या खुंट्यांना. हॉलभर चटई. खिडकीकडून चार ओळी विणलेल्या.

मी कमलताईला फोन लावला. म्हटलं, अहो, एक चटई वर राहिली, टेम्पो मागे फिरवायला सांगा. वाऱ्याचा आणि खिदळण्याचा आवाज येत होता.

"ती कशी येईल? चालू काम हलवत न्हाईत, ठावं हाय न्हवं तुमास्नी," ती म्हणाली.

मी विचारलं, मग निघायच्या दिवशी सुरू कशाला केलीत? ती म्हणाली, ऑर्डर हाय. कोणाची, म्हणून विचारलं तर रेंज गेली. टेम्पो तेव्हा मंडईच्या पुढेही गेला नसेल.

तर ती चटई अजून आहे. मंगळवारी कमलताई येते, बरोबर कोणीतरी एक. शुक्रवारी कधी वैशाली पोराला घेऊन येते, कधी आपा येतात. आपा म्हणतात कात्रजला जायचं होतं, वाटेत तुमचं घर लागलं. कात्रजला जाताना शनिवार पेठ लागत नाही हे त्यांना मी सांगणार नाही. त्यांचं घराणं पेशव्यांच्या आधीपासून इथे आहे. बसतात, विणतात, गावाकडची खबर सांगतात, जातात. बाल्कनीत जायचं तर मला दोऱ्या ओलांडून जावं लागतं.

आता या बायका एवढी चटई आठवड्यात उतरवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. हिला तीन महिने होऊन गेले. कधी धागा संपतो, कधी रंग जुळत नाही.

कालचीच गोष्ट. कमलताई सकाळीच आली होती. मीही शेजारी बसले आणि आम्ही दोघी गप्पांच्या नादात भराभर विणत गेलो. दुपारी सहज मान वर केली तर चटई अर्ध्याच्या वर आली होती. आणखी दोन-तीन दिवस असेच गेले असते तर संपलीच असती. माझा हात थांबला. कमलताईचाही थांबला. तिने चष्मा लावला, वाकली, ओळींवरून बोट फिरवत खिडकीपर्यंत मागे गेली.

"ओळ चुकलीया," ती म्हणाली आणि उसवायला लागली. सकाळपासूनचं सगळं, मग त्याच्या आधीचंही.

मी गुडघ्यावर बसून जवळून पाहिलं. मी चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गात एकेक टाका तपासलेला आहे. म्हटलं, कमलताई, मला तर काही दिसत नाही. कुठे चुकलीय?

"तुमास्नी न्हाई दिसायची," ती उसवता उसवता म्हणाली. "चहा टाका."